फिरते उपाहारगृह

फिरते उपाहारगृह म्हणजे उंच इमारतीच्या अथवा मनोऱ्याच्या माथ्यावरील असे उपाहारगृह, ज्यातील बैठकीची वलयाकार जमीन मधल्या स्थिर गाभ्याभोवती अतिशय मंद गतीने फिरत राहते. खुर्चीवरून न उठता ग्राहकाला भोजनाच्या काळात भोवतालच्या प्रदेशाचे चहूबाजूंचे दर्शन घडावे, हा त्यामागील हेतू होय. एक फेरा पूर्ण होण्यास बहुतेक ठिकाणी पाऊण ते दीड तास लागतो. आधुनिक स्वरूपातील फिरती उपाहारगृहे १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्रथम जर्मनीत उभी राहिली आणि पुढील दोन-अडीच दशकांत जगभर पसरली. महाराष्ट्रात मुंबईतील चर्चगेट येथील अँबॅसेडर हॉटेलच्या माथ्यावरील उपाहारगृह हे या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण असून, भारतातील पहिले फिरते उपाहारगृह म्हणूनही त्याचा उल्लेख केला जातो.

नाव व संज्ञा

बोलण्यात या प्रकाराला सर्रास 'रिव्हॉल्व्हिंग रेस्टॉरंट' असे म्हटले जाते. भूगोलाच्या परिभाषेत एखाद्या वस्तूने स्वतःच्या आसाभोवती फिरणे म्हणजे परिवलन आणि दुसऱ्या वस्तूभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण. या अर्थाने पाहता उपाहारगृहाच्या जमिनीचे होते ते परिवलन. तिच्यावर बसलेला ग्राहक मात्र मधल्या गाभ्याभोवती परिभ्रमण करतो. दिल्लीतील अशा उपाहारगृहाला दिलेले 'परिक्रमा' हे नाव ग्राहकाच्या बाजूने पाहिले असता अचूक ठरते.

रचना व यंत्रणा

फिरत्या उपाहारगृहाचे तीन भाग असतात. मधोमध स्थिर गाभा असतो. त्यात उद्वाहक, जिने, स्वच्छतागृहे, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ आणि बहुधा स्वयंपाकघर असते. गाभ्याभोवती फिरते वलय असते आणि त्यावर टेबले व खुर्च्या मांडलेल्या असतात. सर्वांत बाहेर काचेच्या खिडक्यांची भिंत असते. ही भिंतही सहसा स्थिर असते, कारण ती फिरवायची झाल्यास पाऊस आणि वारा आत येऊ न देणारा सांधा राखणे अवघड होते. जात्याची मधली खीळ जागची हलत नाही आणि वरचा दगड तिच्याभोवती फिरतो, तशीच गाभा व वलय यांची ही मांडणी आहे.

वलयाखाली वर्तुळाकार लोखंडी मार्ग असतो आणि त्यावरून चाके किंवा रुळे फिरतात. एक किंवा अधिक विद्युत चलित्रे दंतचक्रांच्या साहाय्याने वलयाला गती देतात. रेल्वेची इंजिने वळवण्यासाठी वापरली जाणारी फिरती चकती आणि नाट्यगृहातील फिरता रंगमंच यांचे तत्त्वही हेच आहे. मराठी रंगभूमीवर आचार्य अत्रे यांच्या 'तो मी नव्हेच' (१९६२) या नाटकाच्या प्रयोगांमुळे फिरता रंगमंच प्रेक्षकांना परिचित झाला. फरक उद्देशाचा आहे. रंगमंच फिरतो तो प्रेक्षकांपुढील दृश्य बदलण्यासाठी, तर उपाहारगृहात दृश्य जागच्या जागी राहते आणि प्रेक्षक फिरतो.

एवढी जड जमीन फिरवण्यासाठी फार मोठी शक्ती लागत असेल, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात गती अतिशय कमी असल्यामुळे लागणारी शक्तीही थोडी असते. उदाहरणादाखल १० मीटर त्रिज्येचे वलय घेतल्यास त्याचा परीघ सुमारे ६३ मीटर भरतो. एक फेरा ६० मिनिटांत पुरा होत असेल, तर काठावरील खुर्ची सेकंदाला जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर सरकते. वलयाचे वजन माणसांसह १०० टन आणि लोटण-घर्षणाचा गुणांक ०.००३ धरला, तर वलय फिरते ठेवण्यास सुमारे २,९४० न्यूटन बल आणि केवळ ५० वॅटच्या आसपास शक्ती पुरते. दंतचक्रांतील व्यय, चाकांची असमान झीज आणि थांबलेले वलय पुन्हा सुरू करण्यासाठी लागणारे जादा बल विचारात घेऊन प्रत्यक्षात याच्या अनेक पट क्षमतेची चलित्रे बसवतात. तरीही ती लहानच असतात. अमेरिकेतील सिॲटल शहराच्या 'स्पेस नीडल' मनोऱ्यावरील उपाहारगृह अनेक वर्षे एक ते दीड अश्वशक्तीच्या चलित्रावर फिरत असे.

याच उदाहरणात ग्राहकावरील केंद्राभिमुख त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे तीन लाखाव्या भागाइतके येते. म्हणजेच भोवळ येण्याचे किंवा पेल्यातील पाणी कलण्याचे यांत्रिक कारण उरत नाही. काहींना अस्वस्थ वाटते, ते डोळ्यांना गती दिसते आणि शरीराला ती जाणवत नाही या विसंगतीमुळे.

बाहेरची भिंत स्थिर आणि जमीन फिरती असल्याने काही व्यावहारिक अडचणी उद्भवतात. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली पिशवी किंवा कॅमेरा कट्ट्यावरच राहतो आणि त्याचा मालक पुढे निघून जातो. स्वच्छतागृहातून परतलेल्या ग्राहकाला आपले टेबल पूर्वीच्या जागी सापडत नाही. वाढप्यांना टेबलांची जागा दिशेवरून नव्हे, तर क्रमांकावरून लक्षात ठेवावी लागते. फिरत्या भागात पाण्याचे नळ नेणे शक्य नसल्याने सर्व पदार्थ गाभ्यातून आणावे लागतात, तर दिव्यांसाठी लागणारी वीज सरकत्या संपर्ककड्यांमधून पुरवावी लागते.

प्राचीन व आधुनिक पूर्वेतिहास

फिरत्या भोजनगृहाची कल्पना प्राचीन आहे. रोममधील इ.स. ६४ च्या भीषण आगीनंतर सम्राट नीरोने 'डोमुस ऑरिया' म्हणजे 'सुवर्णगृह' नावाचा विस्तीर्ण प्रासाद उभारला. रोमन चरित्रकार स्वेटोनियस याने त्यातील मुख्य भोजनशाला वर्तुळाकार असून ती आकाशगोलाप्रमाणे अहोरात्र फिरत असे, असे नमूद केले आहे. ही भोजनशाला प्रासादातील नेमकी कोणती, याविषयी दीर्घकाळ वाद होता. २००९ मध्ये पॅलाटिन टेकडीवरील उत्खननात सुमारे चार मीटर व्यासाचा भक्कम स्तंभ असलेली गोलाकार वास्तू उजेडात आली, आणि स्वेटोनियसने वर्णिलेली भोजनशाला हीच असावी, असे मत उत्खनन करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी मांडले. फिरती जमीन पाण्याच्या शक्तीवर चालत असावी, असे अनुमान आहे.

विसाव्या शतकात अमेरिकन रचनाकार नॉर्मन बेल गेडीस यांनी १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी उंच खांबावरील फिरत्या उपाहारगृहाचा आराखडा तयार केला होता. तो प्रत्यक्षात आला नाही. तथापि पुढे उभ्या राहिलेल्या उपाहारगृहांचे बहुतेक घटक, म्हणजे उंच व सडपातळ आधार, माथ्यावरील वर्तुळाकार मजले आणि फिरती जमीन, त्या आराखड्यात आढळतात.

दूरचित्रवाणी मनोऱ्यांचा काळ

आधुनिक फिरत्या उपाहारगृहाचा जन्म दूरचित्रवाणीच्या प्रसाराशी निगडित आहे. ध्वनिचित्र लहरी दूरवर पोहोचवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात उंच मनोऱ्यांची गरज भासू लागली. केवळ प्रक्षेपणासाठी लोखंडी डोलारा पुरेसा होता. परंतु स्थापत्य अभियंते फ्रिट्झ लिओनहार्ट यांनी जर्मनीतील श्टुटगार्ट येथे काँक्रीटचा मनोरा बांधून त्याच्या माथ्याजवळ उपाहारगृह आणि प्रेक्षासज्जा ठेवला. १९५६ मध्ये खुल्या झालेल्या या मनोऱ्याचा बांधकाम खर्च प्रवेशशुल्कातून अवघ्या पाच वर्षांत वसूल झाला. श्टुटगार्टचे उपाहारगृह फिरते नव्हते. पण लोक उंचीसाठी पैसे मोजतात, हे त्याने सिद्ध केले.

१९५९ मध्ये डॉर्टमुंड येथे राष्ट्रीय उद्यान प्रदर्शनाच्या निमित्ताने उभारलेल्या फ्लोरियान मनोऱ्यावर फिरते उपाहारगृह सुरू झाले. मनोऱ्यावरील हे पहिले आधुनिक फिरते उपाहारगृह मानले जाते. १९६१ मध्ये इजिप्तमधील १८७ मीटर उंचीच्या कैरो मनोऱ्यावर आणि त्याच वर्षी हवाई बेटांतील होनोलुलू येथे एका व्यापारी संकुलाच्या इमारतीवर अशी उपाहारगृहे आली. होनोलुलूचे उपाहारगृह वास्तुविशारद जॉन ग्रॅहॅम यांनी आखले होते. त्यांच्याच कार्यालयाने १९६२ च्या सिॲटल जागतिक प्रदर्शनासाठी स्पेस नीडल मनोऱ्याच्या आखणीत प्रमुख वाटा उचलला. या प्रदर्शनाला मिळालेल्या प्रसिद्धीमुळे फिरते उपाहारगृह हे आधुनिकतेचे चिन्ह बनले.

यानंतर शीतयुद्धाच्या दोन्ही गटांतील देशांनी या प्रकाराचा अंगीकार केला. मॉस्कोच्या ५४० मीटर उंचीच्या ओस्तान्किनो मनोऱ्यावर १९६७ पासून 'सातवा स्वर्ग' या अर्थाचे नाव असलेले उपाहारगृह होते. पूर्व जर्मनीने १९६९ मध्ये बर्लिनचा दूरचित्रवाणी मनोरा खुला केला आणि त्यावर २०७ मीटर उंचीवर फिरते उपाहारगृह ठेवले. त्या काळात भिंतीने दुभंगलेले बर्लिन शहर तेथून एका फेऱ्यात अखंड दिसत असे. कॅनडातील टोरोंटोचा सीएन मनोरा १९७६ मध्ये खुला झाला. त्याचे उपाहारगृह ३५१ मीटर उंचीवर असून ते ७२ मिनिटांत एक फेरा पूर्ण करते.

हॉटेलांच्या माथ्यावर

मनोऱ्यांपाठोपाठ ही कल्पना हॉटेल व्यवसायाने उचलली. १९६४ च्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी टोकियोत बांधलेल्या न्यू ओटानी हॉटेलच्या माथ्यावर फिरते उपाहारगृह होते. अमेरिकेत वास्तुविशारद जॉन पोर्टमन यांनी १९६७ मध्ये अटलांटा येथील हॉटेलवर निळ्या घुमटाचे फिरते उपाहारगृह बांधले आणि पुढे अनेक शहरांतील हॉटेलांत त्याची पुनरावृत्ती केली. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळील त्यांच्याच हॉटेलवरील उपाहारगृह १९८५ मध्ये सुरू झाले.

हॉटेलांच्या दृष्टीने या रचनेचा मुख्य लाभ असा, की स्थिर उपाहारगृहात उत्तम दृश्य मोजक्याच टेबलांच्या वाट्याला येते, तर फिरत्या उपाहारगृहात प्रत्येक टेबल केव्हा ना केव्हा प्रत्येक दिशेच्या खिडकीशी पोहोचते. मात्र त्याची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. १० मीटर बाह्य त्रिज्येच्या आणि ४ मीटर रुंदीच्या वलयाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस मीटर भरते. प्रत्येक ग्राहकामागे दोन चौरस मीटर जागा धरली, तर तेथे शंभराच्या आसपासच माणसे बसू शकतात. शिवाय फेरा पूर्ण होईपर्यंत ग्राहक उठत नाहीत. त्यामुळे एका संध्याकाळी होणाऱ्या पंगतींची संख्या मर्यादित राहते आणि पदार्थांचे दर चढे ठेवावे लागतात.

मुंबई

मुंबईचे फिरते उपाहारगृह ज्या भागात उभे राहिले, तो चर्चगेटचा परिसर विसाव्या शतकात समुद्र हटवून तयार करण्यात आला. बॅकबे भराव योजना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कामातील गैरव्यवहारांवर १९२०च्या दशकात खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी कठोर टीका केली होती. पुढे याच भागातील चर्चगेट स्ट्रीटला 'वीर नरिमन मार्ग' असे त्यांचे नाव देण्यात आले. १९३० व १९४०च्या दशकांत भरावाच्या जमिनीवर आर्ट डेको शैलीच्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हलगतच्या या इमारती व मैदानापलीकडील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तू यांचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

वीर नरिमन मार्गावर समुद्राच्या दिशेने अँबॅसेडर हॉटेल आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात ग्रीक वंशाचे हॉटेलचालक जॅक व्हॉयांट्झिस यांच्यामुळे हे हॉटेल नावारूपास आले. १९५० व १९६०च्या दशकांत चर्चगेटचा हा रस्ता जॅझ संगीतासाठी प्रसिद्ध होता. अँबॅसेडरमधील 'द अदर रूम' येथे पियानोवादक टोनी पिंटो यांचा वाद्यवृंद, तर जवळच्याच ॲस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस' येथे ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांचे कार्यक्रम होत. हे कलावंत गोमंतकीय होते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे मद्यविक्रीवर कडक निर्बंध असतानाही ही उपाहारगृहे केवळ भोजन, कॉफी आणि संगीत यांच्या बळावर चालत राहिली, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

१९७०च्या दशकात मुंबईच्या दक्षिण टोकाचे रूप झपाट्याने बदलले. नरिमन पॉइंटच्या नव्या भरावावर एक्सप्रेस टॉवर्स, ओबेरॉय हॉटेल आणि एअर इंडियाची इमारत उभी राहिली, तर अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेलाशेजारी त्याची मनोऱ्यासारखी नवी इमारत आली. मोठी हॉटेले उंचीच्या आधारे परस्परांशी स्पर्धा करू लागली होती. याच दशकात अँबॅसेडरच्या माथ्यावर फिरते उपाहारगृह आले. पुढे हे हॉटेल नारंग कुटुंबाच्या समूहाचा भाग म्हणून ओळखले गेले. विमान कंपन्यांना भोजन पुरवण्याचा व्यवसायही या समूहाने केला. छत्रपती संभाजीनगर येथे जालना रस्त्यावर असलेले अँबॅसेडर अजंठा हे हॉटेलही याच समूहाचे होय. चर्चगेटचे फिरते उपाहारगृह नंतरच्या काळात 'पर्ल ऑफ द ओरिएंट' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि तेथे चिनी व अन्य पौर्वात्य खाद्यपदार्थ मिळत.

अँबॅसेडरची इमारत जगातील मनोऱ्यांच्या तुलनेत बुटकी आहे. तरीही तेथील दृश्याला उणेपणा नव्हता, याचे कारण भोवतालची नगररचना. मरीन ड्राइव्हवरील इमारतींची उंची एकसारखी आणि मर्यादित ठेवण्यात आली होती. त्यामुळे थोड्या उंचीवरूनही एका फेऱ्यात अरबी समुद्र, 'राणीचा रत्नहार' म्हणून ओळखली जाणारी किनाऱ्यावरील दिव्यांची कमान, मलबार टेकडी, ब्रेबॉर्न व वानखेडे ही क्रिकेटची मैदाने आणि पूर्वेकडे राजाबाई मनोरा असा शहराचा पट नजरेत येत असे. एखाद्या फिरत्या उपाहारगृहाचे मोल त्याच्या स्वतःच्या उंचीपेक्षा शेजारच्या इमारतींच्या उंचीवर अधिक अवलंबून असते, ही बाब मुंबईच्या उदाहरणातून स्पष्ट होते.

भारतातील अन्य फिरती उपाहारगृहे

अहमदाबाद : साबरमती नदीच्या पश्चिम काठावर, आश्रम मार्गावरील नेहरू पुलाजवळ चिनुभाई सेंटर या इमारत समूहात 'पतंग' हे फिरते उपाहारगृह आहे. वास्तुविशारद हसमुख पटेल यांनी त्याची रचना १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात केली. हॉटेलच्या छपरावर न बसवता त्यासाठी स्वतंत्र काँक्रीट मनोरा उभारला असल्याने ते शहराचे ओळखचिन्ह बनले. नदी आणि तिच्या दोन्ही तीरांवरील जुने व नवे शहर तेथून दिसते. त्याचे नाव गुजरातेतील उत्तरायणाच्या पतंगोत्सवाचे स्मरण करून देते.

दिल्ली : कस्तुरबा गांधी मार्गावरील अंतरिक्ष भवनाच्या २४ व्या मजल्यावर 'परिक्रमा' हे उपाहारगृह आहे. कॅनॉट प्लेसच्या लगत असल्याने नवी दिल्लीची आखीव रचना आणि तिच्यातील अनेक ऐतिहासिक वास्तू तेथून पाहता येतात.

जयपूर येथील ओम टॉवर हॉटेलवर, तसेच पाटणा येथील बिस्कोमान भवन या उंच इमारतीतही फिरती उपाहारगृहे सुरू झाली. भारतातील या उदाहरणांत दूरचित्रवाणी मनोऱ्यांचा वाटा नाही. येथे हा प्रकार हॉटेले आणि कार्यालयीन इमारतींच्या आश्रयाने वाढला. परिणामी तेथे केवळ दृश्य पाहण्यासाठी अल्प शुल्काचे तिकीट काढून जाण्याची सोय सहसा नसते. शहर उंचावरून पाहायचे तर भोजनाचाच खर्च करावा लागतो.

सार्वजनिक प्रवेशाचा प्रश्न

बहुतेक शहरांत सर्वांत उंच जागा खाजगी मालकीच्या किंवा सुरक्षित क्षेत्रातील असतात. फिरत्या उपाहारगृहांनी त्या पैसे भरणाऱ्या कोणालाही खुल्या केल्या. हा प्रवेश किती नाजूक असतो, हे लंडनच्या पोस्ट ऑफिस टॉवरच्या इतिहासातून दिसते. टपाल व दूरध्वनी खात्याच्या मालकीचा हा मनोरा १९६५ मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६६ मध्ये जनतेसाठी खुला झाला. त्याच्या ३४ व्या मजल्यावरील फिरते उपाहारगृह बटलिन्स ही सहल-व्यवसायातील कंपनी चालवत असे. ३१ ऑक्टोबर १९७१ रोजी या मजल्यावर बॉम्बस्फोट झाला. त्यात जीवितहानी झाली नाही; मात्र त्यानंतर प्रेक्षासज्जा सर्वसामान्यांसाठी बंद करण्यात आला. १९८० मध्ये कराराची मुदत संपल्यावर उपाहारगृहही बंद झाले. फिरणारा मजला पुढे केवळ निमंत्रितांच्या समारंभांसाठी वापरला गेला. २०२४ मध्ये हा मनोरा हॉटेल म्हणून रूपांतरित करण्यासाठी एका अमेरिकन हॉटेल कंपनीला २७.५ कोटी पौंडांना विकण्याचा निर्णय जाहीर झाला.

भारतीय शहरांतही हा प्रश्न लागू पडतो. फिरते उपाहारगृह बंद पडते, तेव्हा शहराचे एक भोजनगृह कमी होतेच, शिवाय सामान्य नागरिकाला शहराचा विस्तार, नदीचे पात्र, किनाऱ्याची वळणे व मोकळ्या जागा एकत्रितपणे पाहता येतील, असे एक ठिकाणही नाहीसे होते. उंचीवरील बहुतेक उर्वरित जागा निवासी सदनिका व कार्यालयांच्या ताब्यात असतात.

सुरक्षितता

फिरत्या जमिनीचा मुख्य धोका गतीमुळे नव्हे, तर फिरता आणि स्थिर भाग जेथे भेटतात त्या सांध्यामुळे निर्माण होतो. २०१७ मध्ये अटलांटा येथील एका फिरत्या उपाहारगृहात फिरत्या भागावरील आसन आणि स्थिर भिंत यांच्यातील अरुंद फटीत सापडून पाच वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. वलयाची गती मंद असली, तरी त्यामागील वस्तुमान प्रचंड असते आणि अडथळा आल्यास ते आपोआप थांबत नाही. चलित्र लहान असले, तरी दंतचक्रांमुळे वलयाच्या काठावर हजारो न्यूटन बल मिळते. अशा अपघातांना आळा घालण्यासाठी टेबले व आसने स्थिर भागापासून पुरेशी दूर ठेवणे, सांध्याजवळ दाब ओळखणारे संवेदक बसवणे आणि कर्मचाऱ्यांच्या हाताशी तातडीने थांबवण्याची कळ असणे हे उपाय महत्त्वाचे ठरतात.

दुसरा धोका आगीचा. फिरत्या उपाहारगृहातून बाहेर पडण्याचे सर्व मार्ग एकाच अरुंद गाभ्यातून जातात, आणि आगीच्या वेळी उद्वाहक वापरता येत नाहीत. २७ ऑगस्ट २००० रोजी ओस्तान्किनो मनोऱ्याला लागलेल्या आगीत तिघांचा मृत्यू झाला. तेथील उपाहारगृह त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ बंद राहिले. या कारणांमुळे गाभ्यातील जिना धूरमुक्त राखणे आणि एका वेळी माथ्यावर किती माणसे असावीत याची मर्यादा पाळणे ही अशा वास्तूंची मूलभूत गरज मानली जाते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन

१९८०च्या दशकानंतर पाश्चात्त्य देशांत नव्या फिरत्या उपाहारगृहांची संख्या घटली आणि अनेक जुनी बंद झाली किंवा फिरायची थांबली. याची कारणे तीन प्रकारची आहेत. पहिले कारण यांत्रिक होय : मार्ग व चाके झिजल्यावर दुरुस्तीसाठी संपूर्ण वलय उचलावे लागते आणि तो खर्च मर्यादित आसनसंख्येतून भरून निघत नाही. दुसरे कारण नगररचनेचे होय : शेजारी अधिक उंच इमारती उभ्या राहिल्या, की दृश्य खंडित होते. अटलांटातील निळ्या घुमटाचे उपाहारगृह एके काळी शहराच्या क्षितिजावर उठून दिसत असे. पुढे ते उंच इमारतींनी वेढले गेले. तिसरे कारण अभिरुचीचे होय : दृश्यासाठी येणारा ग्राहक बहुधा एकदाच येतो. त्यामुळे पदार्थांच्या दर्जाकडे दुर्लक्ष होते, अशी या उपाहारगृहांवर नेहमी टीका होत असे.

अलीकडच्या काळात काही उपाहारगृहांचे पुनरुज्जीवन झाले आहे. अटलांटातील घुमट दहा वर्षांच्या खंडानंतर २०१४ मध्ये पुन्हा सुरू झाला. स्पेस नीडलच्या २०१८ मधील नूतनीकरणात फिरती जमीन काचेची करण्यात आली, त्यामुळे पायांखालचे शहरही दिसू लागले. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळील उपाहारगृह २०२५ मध्ये पुन्हा खुले झाले. या सर्व ठिकाणी यंत्रणा बदलण्याबरोबरच भोजनाच्या दर्जावर भर देण्यात आला आहे.

लोकप्रिय संस्कृतीत

स्वित्झर्लंडमधील शिल्टहॉर्न या २,९७० मीटर उंचीच्या शिखरावरील 'पित्झ ग्लोरिया' हे फिरते उपाहारगृह १९६९ च्या एका जेम्स बाँड चित्रपटातील खलनायकाचा अड्डा म्हणून दाखवण्यात आले. अपुऱ्या निधीमुळे रखडलेल्या या वास्तूच्या पूर्ततेला चित्रपटाच्या निर्मात्यांनी आर्थिक हातभार लावला आणि चित्रपटातील नावच उपाहारगृहाला कायमचे चिकटले. मुंबई, अहमदाबाद आणि दिल्ली येथील फिरती उपाहारगृहे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस आणि परगावच्या पाहुण्यांचे आदरातिथ्य अशा खास प्रसंगांशी जोडली गेली आहेत.